न ओळखलेली चिठ्ठी

दादा, ती चिठ्ठी मी लिहिली होती.

एवढं एक वाक्य तुझ्या तोंडावर बोलायला माझ्याकडे पंधरा वर्षं होती. तू अमरावतीत, मी अकोल्यात, मधे बडनेऱ्याला गाडी बदलायची, एवढंच काय ते अंतर. दर राखीला, दर दिवाळीला मी येत होते आणि दर वेळी ते वाक्य जसंच्या तसं परत घेऊन जात होते. आता तू नाहीस तर बघ कशी धडाधडा बोलतेय. मला तुझा रागच आलाय दादा. माणसानं जरा थांबायला हवं होतं.

परवा तेरवी झाली. जेवणं आटोपली आणि ओसरीवर नानांभोवती त्यांची जुनी वकील मंडळी बसली. कोणी तरी म्हणालं, "अक्षरवाले गेले. असा माणूस पुन्हा वऱ्हाडात मिळायचा नाही." नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पोटचा मुलगा गेलेला, पण वकिलाची जीभ ती वकिलाची जीभ. म्हणाले, "हुशार होता. पण घरातली चिठ्ठी समोर आली तेव्हा कच्चा निघाला. बहिणीचं लग्न कोणी मोडलं ते काही त्याला सांगता आलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी विड्यांचं तबक घेऊन दारातच उभी होते. तबक ठेवलं आणि आत गेले. तुझ्या तेरवीलाही मी गप्पच बसले.

म्हणून हे लिहितेय. वर्गातल्या पोरींना मी ओरडून सांगते की खरं बोलताना मान वर करा, आणि माझी स्वतःची मान इतकी वर्षं खाली. तुझ्या नावाला लागलेला तो डाग माझा आहे. तो कोणी पुसायचा हे मला कळतं, पण नानांसमोर अजून उभी राहिलेली नाही.

तू वकील नव्हतास, मास्तर नव्हतास. अंबागेटाजवळ तुझं फोटोचं दुकान, आणि खरं काम दुकानाच्या मागच्या खोलीत. मृत्युपत्रं, दत्तकपत्रं, धमकीच्या चिठ्ठ्या. सही खरी की खोटी, अक्षर कोणाचं, सरळ हातानं लिहिलंय की लपवून. सहीचा फोटो काढून ती ताटाएवढी मोठी करायचास आणि कोर्टात साक्षीला उभा राहायचास. मी अकरा-बारा वर्षांची असल्यापासून त्या खोलीत लुडबुड करायची. आई ओरडायची, मुलीच्या जातीला हे कशाला. तू म्हणायचास, "असू दे, हिची नजर बारीक आहे." आणि माझ्या हातात भिंग द्यायचास.

काय काय शिकवलंस रे मला! कागद आधी उलटा धरायचा. "वाचू नको शांते, वाचलंस की अर्थात अडकशील. नुसतं पाहा." अक्षर लपवणारा माणूस ज्याला तो मोठं समजतो ते बदलतो. अ बदलेल, श बदलेल, सगळं अक्षर उजवीकडे झुकत असेल तर डावीकडे झुकवेल. पण वेलांटी कुठून सुरू करायची, अनुस्वाराचं टिंब नेमकं कुठे ठेवायचं, शिरोरेघ प्रत्येक शब्दाला वेगळी द्यायची की ओळ संपल्यावर एकदम ओढायची, हे त्याच्या लक्षातही नसतं, कारण हात ते त्याला न विचारता करतो. मोडी शिकलेले म्हातारे बाळबोध लिहितानासुद्धा आधी लांब रेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं टांगतात, हे तूच मला नानांच्या अक्षरात दाखवलं होतंस. "आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे मोकळी जागा," तू सांगायचास. "माणूस अक्षर बदलतो, दोन शब्दांमधली जागा बदलत नाही. तिथे काही लिहिलेलंच नसतं ना, मग ती लपवायची कोणाला सुचणार?"

आणि ते चवथ्या ओळीचं. पहिल्या तीन ओळी माणूस डोळ्यात तेल घालून लिहितो. चवथ्या ओळीत हात दमतो आणि आपल्या रोजच्या वाटेला लागतो. म्हणून तू नमुना घ्यायला माणसाला बसवलंस की मजकूर दाखवायचा नाहीस, तोंडी सांगायचास, तोच मजकूर तीनदा, तिसऱ्या वेळी भराभर. पहिला कागद तू पाहायचासच नाहीस.

आपलं भांडण व्हायचं ते माझ्या शाळेवरून. मी म्हणायचे, सुंदर अक्षर म्हणजे शिस्त. तू म्हणायचास, "तुम्ही शाळावाले सगळ्या पोरींना एकाच साच्यात घालता आणि मग आमच्या डोळ्यांची माती होते." मी चिडायचे. चिडले की तू मुद्दाम वऱ्हाडीवर यायचास, "काहून तापून राहिली वं बाई, मी का तुयी शाळा बंद करून राहिलो?" ते भांडण अर्धंच राहिलं. माझ्याकडे अजून दोन मुद्दे शिल्लक होते.

आता ती गोष्ट. तुला सगळी ठाऊक आहे, हे मला परवा कळलं. पण माझ्या तोंडून तू ऐकलेली नाहीस.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रदेशात होतं, राजधानी नागपूर. मी एकोणीस वर्षांची. मॅट्रिक झाले होते आणि मला पुढे शिक्षिकेचं ट्रेनिंग करायचं होतं. नानांनी अकोल्याचं स्थळ आणलं. कापसाचे मोठे अडते, घरात गाडी, मुलगा दिसायला बरा. मुलाच्या वडिलांनी ओसरीवर बसून सांगितलं, "आमच्याकडे सुना नोकरी करत नाहीत आणि पुस्तकंही वाचत नाहीत, वेळच मिळत नाही." नाना हसले. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते, ते खाली लागले. त्या दिवशी मी तुझ्या दुकानात येऊन रडले. तू म्हणालास, "मी नानांशी बोलतो." आठ दिवस झाले, पंधरा झाले. तू नानांसमोर जायचास, चष्मा पुसायचास आणि परत यायचास. कोर्टात भल्याभल्या वकिलांना न घाबरणारा तू, घरात आपल्या बापापुढे तुझी दातखीळ बसायची. साखरपुड्याची तारीख ठरली तरी तू बोलला नाहीस. हा राग माझ्या मनात अजून आहे, दादा. तू बोलला असतास तर मी ते केलं नसतं. खरं तर तेही मला नक्की सांगता येत नाही.

मी चिठ्ठी लिहिली. मुलाच्या वडिलांच्या नावे, "मुलीला फेपरं येते, लपवून ठेवले आहे, एक हितचिंतक." फेपरं म्हटलं की त्या काळी कोणताही माणूस दारातूनच परत फिरायचा. नवशिक्या माणसानं लिहिल्यासारखं लिहिलं, मोठं, वेडंवाकडं. आणि तू शिकवलेलं एकेक आठवून त्याला तोड काढली. टाक सोडून बोरू घेतला. वेलांट्या उलट्या बाजूनं ओढल्या. टिंबं इकडे तिकडे टाकली. शब्दांमधली जागा एकदा अरुंद, एकदा ऐसपैस. चवथ्या ओळीचं तर मी असं केलं की दर दोन ओळी झाल्या की उठायचं, हात धुवायचे, तुळशीला चक्कर मारायची आणि ताज्या हातानं पुढच्या दोन लिहायच्या. सात ओळींना सबंध दुपार लागली. लाज वाटायच्या ऐवजी मला माझ्या कामाचा गर्व वाटला. वाटलं, दादा आला तरी त्याला सापडायची नाही.

अकोल्याहून नकार आला आणि सोबत ती चिठ्ठीही आली. आई अंथरुणाला खिळली. नाना पिंजऱ्यातल्या वाघासारखे ओसरीवर फेऱ्या मारत होते. आणि मग कोणी तरी पार्वताबाईचं नाव घेतलं. वडाळीकडच्या मळ्यातून डोक्यावर टोपली घेऊन येणारी, वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या हिरव्या जुड्या विकणारी आपली माळीणबाई. तिला आपल्याच ओसरीवर बसवून मी वर्षभर अक्षरं शिकवली होती. चिठ्ठीतलं अक्षर नवशिक्याचं, गल्लीत नवशिकी तीच, आणि महिन्यापूर्वीच आईशी तिची भाजीच्या भावावरून तोंडातोंडी झालेली. झालं. नानांनी तिला दारात पाय ठेवू दिला नाही. गल्लीतल्या बाकीच्यांनीही तिच्याकडून भाजी घेणं बंद केलं.

देवाशपथ सांगते, तिच्यावर येईल हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण आल्यावरही मी बोलले नाही, ते कुठे लपवू?

तू मात्र नानांना म्हणालास, "असं नुसतं म्हणून चालत नाही, नमुना घेऊ." पार्वताबाईला बोलावलंस, पाट दिलास, कागद दिलास. ती जीभ दातांत धरून लिहीत होती. घाम पुसायची, पुन्हा लिहायची. मी आत चहा करत होते आणि फटीतून पाहत होते. अर्ध्या तासानं तिनं बोरू खाली ठेवला आणि म्हणाली, "साहेब, मायं नावच मले चार खेपा लिवा लागते तवा एक बरं येते. मी कायले कोनाच्या पोरीचं वाट्टोळं करू?"

तू कागद उलटा धरून पाहिलास. मग नानांना सांगितलंस, "हे हिचं नाही. हिचा हात आहे तेवढाच आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हात तयार आहे, तो मुद्दाम बिघडवलाय. माणूस आपल्यापेक्षा वाईट लिहू शकतो नाना, आपल्यापेक्षा चांगलं लिहू शकत नाही."

"मग कोणाचा हात?" नानांनी विचारलं.

तू चष्मा काढलास, धोतराच्या सोग्यानं पुसलास. "सांगता येत नाही."

"कोर्टात शपथेवर सांगतोस, आणि घरात सांगता येत नाही?"

"नाही येत."

चहाचे कप घेऊन मी बाहेर आले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मला वाटलं, जिंकले. दादाला मी फसवलं. किती मूर्ख होते मी!

पुढे कोणी स्थळ आणलं नाही. फेपऱ्याची बातमी अकोल्याहून यवतमाळपर्यंत गेली होती. नानांनी कंटाळून मला ट्रेनिंगला जाऊ दिलं, मग अकोल्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी. मला हवं होतं ते मिळालं. त्याची किंमत मी एकटीनं दिली असं मी समजत होते आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

मग चिठ्ठीनंतर चार वर्षांनी अकोल्याच्या कोर्टातला तो दिवस. दत्तकपत्रावरची सही. तू महिनाभर त्यावर बसला होतास. सही खोटी आहे, लिहिलेली नसून चितारलेली आहे, हे शाळकरी पोरालाही पटेल असं तू दाखवलंस. जिथे खरा माणूस झरकन पुढे जातो तिथे ही सही थांबली आहे, बोरू उचलला आहे, पुन्हा टेकवला आहे. शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. मला तुझा फार अभिमान वाटत होता.

समोरचा वकील उठला. तरुण होता, पान खाल्लेलं. "आपल्या घरी एक निनावी चिठ्ठी आली होती?"

"आली होती."

"आपल्या सख्ख्या बहिणीचं लग्न तिच्यामुळे मोडलं?"

"हो."

"ती आपण तपासली?"

"तपासली."

"लिहिणारा ओळखता आला?"

तू चष्मा काढलास. पुसलास. मी बाकावर पुढे सरकून बसले. शपथेवर तू कधी खोटं बोलला नव्हतास, हे मला ठाऊक होतं. ज्याचं अक्षर त्याचं नाव, मग तो ओळखीचा असो, आप्त असो. एकदा तू नानांच्याच अशिलाविरुद्ध मत दिलं होतंस आणि नाना दोन दिवस जेवले नव्हते.

"नाही," तू म्हणालास.

"जरा मोठ्यानं."

"नाही ओळखता आला."

मागे कोणी तरी हसलं. वकील म्हणाला, घरातलं अक्षर ज्याला कळत नाही त्याच्या शब्दावर परक्याची मिळकत कशी ठरवायची, आणि खाली बसला. तुझं मत त्या कोर्टानं बाजूला ठेवलं. ज्या म्हाताऱ्याच्या बाजूनं तू उभा होतास त्याचा निकाल उलटा लागला. त्या म्हाताऱ्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. मी उठून उभी राहू शकले असते. एक वाक्य बोलायचं होतं. पण माझी नोकरी, माझी शाळा, मुख्याध्यापिका काय म्हणतील, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं, आणि मी मांडीवरचा डबा घट्ट धरून बसून राहिले.

माझ्या खोलीवर आलो. मी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. तू म्हणालास, "मीठ कमी आहे." एवढंच. आणि माझा भडका उडाला. मी तुला काय काय बोलले, आठवतं? भर कोर्टात तो उपटसुंभ तुझी अब्रू घेतो आणि तू नंदीबैलासारखी मान हलवतोस? तुला कणा नाही. नानांपुढे नव्हता, कोर्टातही नाही. हे मी बोलले. मी! ताटावर बसलेल्या तुला! आज ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते. तू शांतपणे भाकर मोडलीस आणि म्हणालास, "मले नाई आलं ओळखता, तं नाई म्हनलं. त्यात काय?" वऱ्हाडीत म्हणालास, म्हणजे थट्टा करत होतास असं मी समजले आणि आणखी चिडले.

त्या दिवसानंतर तुला साक्षीला बोलावणं हळूहळू बंद झालं. मागची खोली भिंग, पट्ट्या, काचा सगळ्यासकट तशीच राहिली आणि तू पुढच्या दुकानात बसून लग्नाचे फोटो काढू लागलास. नवरा-नवरी, मागे पडद्यावर कारंजं. तुझ्यासारख्या माणसानं आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षं कारंज्यापुढे माणसं उभी करण्यात घालवली, आणि कोणी विचारलं तर म्हणायचास, बरं चाललंय. वहिनीनं घर कसं ओढलं ते तिचं तिला ठाऊक. तिलाही मला अजून सांगायचं आहे. ती काय म्हणेल मला कळत नाही.

परवा, नाना ते बोलल्यावर, मी मागच्या अंगणात जाऊन बसले. तिथे पार्वताबाई शेवंतीची रिकामी टोपली घेऊन बसली होती. तुला हार घालायला फुलं तिनंच आणली होती, पैसे घेतले नाहीत. केस पार पांढरे झालेत तिचे. मला रडताना पाहून तिनं मला जवळ ओढलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पार्वताबाई, ती चिठ्ठी..."

"मालूम हाये," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"तुमचा दादा दुसऱ्याच दिवशी माया मळ्यात आला होता. म्हने, पार्वताबाई, तुमचं नाव साफ हाये, म्या नानाले सांगतलं. म्या इचारलं, मंग लिवली कोनं? तं हासला थो. म्हने, बाई, मी चिठ्ठीत जे जे पाह्यतो, थे थे सारं बरोब्बर दडवेल हाये. दुसरा कोनी असता तं दोन गोष्टी दडवल्या असत्या, दहा राहून गेल्या असत्या. हिच्यात एकबी राह्यली नाई. मी काय पाह्यतो हे या दुनियेत एकाच मानसाले मालूम हाये, आन त्याले म्याच शिकोलं."

दादा, मी तुझ्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या, आणि त्या बंद केल्या म्हणूनच तू सरळ माझ्यापर्यंत आलास. तुला भिंगसुद्धा लागलं नसेल.

"मग तुम्ही मला कधी बोलला का नाहीत?" मी विचारलं. "तुमची गिऱ्हाइकं गेली माझ्यामुळे."

"दादानं बोलू नाई देलं. म्हने, थे पोरगी आपल्या तोंडानं सांगन. सांगतलं तं आयकून घ्या, आपुन होऊन इचारू नोका. मंग म्या वाट पाह्यली." पदरानं तिनं माझं तोंड पुसलं. "दादानंबी पाह्यली असन."

पाहिलीस ना? आता मला सगळं लख्ख आठवतंय. दर वेळी मला गाडीत बसवायला यायचास. पिशवी वर ठेवायचास, खिडकीशी उभा राहायचास आणि विचारायचास, "अजून काही?" मला वाटायचं, पाणी हवं का, केळी हवी का म्हणून विचारतोय. मी म्हणायचे, "नाही रे, जा आता, ऊन आहे." गेल्या राखीलाही विचारलंस. आणि मी तेच उत्तर दिलं.

मला तुला विचारायचंय, तू का नाही बोललास? दोन थोबाडीत मारून का नाही विचारलंस? इतका चांगुलपणा माणसाला झेपत नाही दादा. तू मला वाचवलंस, नोकरी दिलीस, आयुष्य दिलंस, त्यासाठी मी तुझे पाय धरले असते. पण वाट पाहत बसलास, आणि मी असली माणूस की मला वाट पाहणारा माणूस दिसतच नाही. वर्गात हात वर केला नाही तर मी पोरीकडे पाहत नाही. तुला एवढं माहीत असायला हवं होतं.

इथवर काल रात्री लिहिलं. आज सकाळी मी नानांच्या खोलीत गेले. ते पूजा आटोपून खुर्चीत बसले होते. मी दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सांगितलं. मान वर करून. "नाना, ती अकोल्याची चिठ्ठी मी लिहिली होती. दादानं ती ओळखली होती."

मला वाटलं होतं, ओरडतील. त्यांनी साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं. कशानं लिहिली? बोरूनं. त्यानं ओळखली हे कशावरून? पार्वताबाईला सांगितलं होतं, दुसऱ्याच दिवशी. अकोल्याच्या कोर्टात तू होतीस? होते. बोलली नाहीस? नाही.

"म्हणजे तो शपथेवर खोटं बोलला," नाना म्हणाले.

"हो. एकदाच."

त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. मग म्हणाले, "त्या वकिलाला चिठ्ठीची गोष्ट ठाऊक कशी झाली, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

खरंच वाटलं नव्हतं दादा. मी माझ्याच अपराधात इतकी गुंतलेली.

"मी सांगितली होती. माझ्या हाताखाली शिकून गेलेला पोरगा तो. अमरावतीला आला होता, चहा पिताना मी चिडून बोललो, आमच्या चिरंजीवांना घरातलं अक्षर कळत नाही म्हणून. तो ते कोर्टात वापरेल असं वाटलं नव्हतं. वापरलं, आणि मला समजलं, तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, जिरली." नानांचा आवाज फुटला. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. "त्यालाही हे ठाऊक असणार. दुसरं कोण सांगणार होतं? आणि तो रोज सकाळी येऊन माझ्या पाया पडत होता."

मी खाली बसले. त्यांच्या पायाशी. आम्ही दोघं, तुझी सगळ्यात जवळची दोन माणसं, दोघांनी मिळून तुला त्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि दोघांनाही तू घरी येऊन काही म्हणाला नाहीस.

मग नानांनी डोळे पुसले, काठी घेतली, खुर्चीतून अर्धे उठले. त्यांच्या चेहऱ्यावर घाई होती.

"बोलाव त्याला," ते म्हणाले. "दुकानात असेल. बोलाव, मला त्याच्याशी बोलायचंय."

आणि मी "हो नाना" म्हणून उठले, दादा, आणि दार उघडून तुला हाक मारायला ओसरीपर्यंत गेले.